भेंडोळेवाला वेल्टन

वेल्टनला वाचता येत नव्हतं, आणि जन्मभर तो गळ्यात लिहिलेलं अडकवून हिंडला. आता करा काय!

आल्टेनश्टाइनच्या मठात कुणी साधू वारला की त्याच्या नावाचं कातड्याचं लांबलचक भेंडोळं तयार व्हायचं. वर मेलेल्याचं नाव, त्याखाली एक प्रार्थना, आणि त्याखाली सगळी कोरी जागा. लाकडी दांडीला ते गुंडाळायचं, चामड्याच्या पिशवीत घालायचं, वेल्टनच्या गळ्यात अडकवायचं आणि म्हणायचं, नीघ. मग हा गडी नाहे नदी उतरून, हुन्सऱ्युकचं रान तुडवून, मोझेलच्या काठाकाठाने एकेक मठ घेत चालायचा. दाराशी घंटा वाजवायची. आतून विचारणार, "कुणाचं?" ह्याने नाव सांगायचं. मग आतले सगळे जमून मेलेल्यासाठी ती प्रार्थना गाणार, भेंडोळ्यावर आपल्या मठाची एक ओळ लिहिणार, आणि ह्याला वाटाण्याचं कालवण, काळा पाव आणि निजायला पेंढा मिळणार. सकाळी पुढचं दार.

वाटेवरच्या गावांतून लोक त्याला चिडवायचे. "आला बघा मेल्यांचा जावई! वाढा रे पाहुण्याला!" वेल्टनही काही कमी नव्हता. "तुझ्या नावाचं भेंडोळं कुणी करणार नाही, घाबरू नकोस," असं म्हणून तो पुढे निघायचा. अंगाने काटक, तोंडाने तिखट. कुत्र्यांशी त्याचं हाडवैर होतं आणि बुटांवरून तो कोठारवाल्याशी दरवर्षी भांडायचा. पण रोझेनबाखचा रस्ता आला की ह्याचं तोंड बंद व्हायचं. साध्वींच्या त्या मठाची भिंत टेकडीवरून दिसायला लागली की तो नाल्यावर थांबून तोंड धुवायचा, दाढी ओली करून बोटांनी विंचरायचा. आतून त्याला कुणी बघणार नव्हतं. तरी विंचरायचा.

कारण त्या भिंतीच्या आत त्याची इर्मेल होती.

ती सहा वर्षांची असताना तिची आई, ऑटिलिया, तापाने तीन दिवसांत गेली. वेल्टन वर्षातला बहुतेक काळ रस्त्यावर. मेहुणी म्हणाली, "माझ्याच घरात खाणारी तोंडं कमी आहेत का? तुझी कुठे घेऊ?" मग काय करणार! रोझेनबाखच्या साध्वी लहान मुली ठेवून घेत. वेल्टन तिला खांद्यावर बसवून तिथे घेऊन गेला. वाटभर ती त्याचे कान धरून त्याला घोड्यासारखी हाकत होती, डावीकडे म्हटलं की डावा कान ओढायची. मठाच्या स्वयंपाकघरात तिला मध लावलेला पाव दिला. वेल्टन म्हणाला, "मार्टिनसंताच्या सणाला येतो हं तुला न्यायला. बदक कापू आपण." ती म्हणाली, "नक्की?" तो म्हणाला, "नक्की." आणि ती पाव खाण्यात गुंतली तसा मागच्या दाराने सटकला. रडेल म्हणून सांगून निघायचा धीर झाला नाही.

माणूस खोटं बोलला नव्हता, हे आधी ऐकून घ्या. बिंगेनला गिरणीवाल्याची विधवा बेर्बेल होती, मायेची बाई, तिने पोरगी सांभाळायचं कबूल केलं. द्राक्षतोडणी आटोपल्यावर वेल्टन रोझेनबाखला गेला तो सणाच्या आदल्या दिवशीच. खाकोटीला बदक सुद्धा होतं, जिवंत, वाटभर कलकलाट करणारं. भेटीची खिडकी होती तिथे गेला. खिडकी नव्हती. नव्या विटा होत्या, आणि मधला चुना अजून ओला होता.

दाराशी फिरतं लाकडी कपाट बसवलं होतं, पिंपासारखं गोल. बाहेरून वस्तू ठेवायची, कपाट फिरवायचं, आतून घ्यायची. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही. त्याच्या आडून दारवाली साध्वी मेख्टिल्ड म्हणाली, "आता कडक नियम लागला, बाबा. आमच्या मठांची शिस्त नवी लावताहेत. दार बंद झालं त्या दिवशी जी आत होती ती आतच राहणार."

"ती सहा वर्षांची आहे, माई!"

"आता सातची होईल."

"निदान सांगा तरी तिला, मी आलोय म्हणून. बदक आणलंय म्हणून."

"बाहेरचा निरोप आत नाही. शपथ घेतलीय मी."

वेल्टन त्या विटांवर मुठी आपटत राहिला. ओला चुना हाताला लागला. मग बदक तिथेच सोडून दिलं आणि चालता झाला. पुढे एकदा मेख्टिल्डच बोलून गेली. "पोरगी विचारायची पूर्वी, आला का म्हणून. आम्ही म्हणायचो, नाही आला. आता विचारत नाही." ती आपलं साधेपणाने बोलली, पण वेल्टनच्या काळजाला त्या दिवसापासून जे लागलं ते लागलं. पोरगी दूर राहिली याचं दुःख होतंच, पण ते कसंबसं गिळता येत होतं. बाप आलाच नाही, असं ती मनात धरून मोठी झाली, हे काही केल्या गिळता येईना.

म्हणून तो भेंडोळं कपाटात ठेवून भिंतीला कान लावून बसायचा. आत सगळ्या मिळून प्रार्थना गायच्या. त्यातला एक आवाज तिचा. कुठला? त्याला ठाऊक होता तो सहा वर्षांच्या पोरीचा आवाज. हे सगळे मोठ्या बायकांचे. हा असेल का? की तो बारीक? दरवर्षी एक आवाज तो मनाशी ठरवायचा आणि दुसऱ्या वर्षी तो चुकीचा वाटायचा. गाणं संपलं की कपाट फिरायचं, भेंडोळं बाहेर, सोबत पाव. झालं.

हा नियम लावला होता आल्टेनश्टाइनच्याच मठाधिपतींनी. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा म्हणजे विद्वत्तेचा डोंगर. पुस्तकांसाठी जीव टाकणारे, ग्रीक काय, हिब्रू काय, तारे काय, देवदूतांची नावं काय, सगळ्यात बुडालेले. साध्वींच्या मठांची पाहणी करून शिस्त लावायचं कामही त्यांच्याकडेच होतं. आणि आबांना एक खोड होती, त्यांना बढाई मारल्याशिवाय राहवायचं नाही. एकदा पंगतीला त्या मुलखाच्या सरदाराचे कारभारी होते. वाईन जरा जास्त झाली असेल. आबा म्हणाले, "मी इथे बसून कोलोनला बसलेल्या माणसाला मनातलं कळवू शकतो. कुणाला पत्ता लागणार नाही. निरोप्याला सुद्धा!"

वाढप्याने ते ऐकलं. पुढच्या बाजारापर्यंत सगळ्या क्रॉइत्सनाख गावाला माहीत झालं की आबांनी तळघरात भुतं पाळलीत. कुणी म्हणे बाटलीत आहेत, कुणी म्हणे पुस्तकात, प्रत्येकाला नाव आहे आणि प्रत्येकाची दिशा ठरलेली. हाक मारली की निरोप घेऊन वाऱ्यासारखी सुटतात. लोक मठावरून जाताना छातीवर क्रूस काढायला लागले. वेल्टनने मात्र ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भुताला भिंत कसली अडवणार!

तो तडक आबांच्या पुस्तकांच्या खोलीत गेला.

"आबा, एक मागायचं होतं."

"बूट? कोठारात जा."

"बूट नकोत. भूत हवंय. एका दिवसापुरतं. काम झालं की आणून देतो."

आबांनी लेखणी खाली ठेवली आणि पोट धरून हसले. "काय रे हे! कुणी सांगितलं तुला?"

"सगळं क्रॉइत्सनाख सांगतंय."

"सगळं क्रॉइत्सनाख गाढव आहे." पण आबांना गुदगुल्या झाल्या होत्याच. त्यांनी एक जाड वही पुढे ओढली. "माझी भुतं कागदावरची आहेत, वेल्टन. नावं मीच ठेवली, चांगली भीतिदायक ठेवली, म्हणजे उपटसुंभांनी घाबरून पुस्तक मिटावं. आत नुसतं लिहिण्याचं कसब आहे. हे बघ, ही प्रार्थना. आहे ना? वाचणाऱ्याला प्रार्थनाच दिसणार. पण यातल्या एकेका शब्दापाठी मी एकेक अक्षर लपवलंय. माझ्याकडची यादी ज्याच्याकडे असेल, तोच आतला निरोप वाचणार. शत्रूच्या हाती पडलं तरी तो बिचारा आमेन म्हणून मोकळा!"

"मग भूत नाहीच?"

"नाही."

वेल्टनचं तोंड उतरलं. आबांना ते बघवेना की आपल्या विद्येचं कौतुक अपुरं पडलं म्हणून वाईट वाटलं, देव जाणे. ते म्हणाले, "अरे, खरोखर चालतं हे. रोझेनबाखला लेखनाचं काम बघते ना ती साध्वी स्कोलास्तिका, तिला मी यादी पाठ करायला लावली. सरदाराची माणसं मठाची पत्रं फोडतात, म्हणून ती मला प्रार्थनांतून कळवते. फार हुशार पोरगी. लहानपणी कुणी आणून टाकलेली. इर्मेल का काहीसं नाव होतं."

वेल्टनने भिंत धरली.

"ती माझी, आबा."

आबांनी मान वर केली.

"ती माझी. मी आणून टाकली नाही, ठेवली होती. न्यायला गेलो होतो. आबा, तुमच्या त्या प्रार्थनेत तेवढं घाला. फार नाही. 'मी आलो होतो.' एवढंच. त्यापुढे एक अक्षर नको."

आता आबांच्या ध्यानात आलं की ही कुठल्या भिंतीची गोष्ट आहे. चेहरा एकदम बंद झाला. "बाहेरचा निरोप आत जाऊ नये, हा नियम माझा आहे. माझाच नियम मी चोरवाटेने मोडू?"

"सरदारांची भांडणं जातात की तुमच्या प्रार्थनांतून आत-बाहेर! त्यांना वाट आहे आणि माझ्या तीन शब्दांना नाही?"

"तो मठाचा कारभार आहे."

"आणि ही माझी लेक आहे! खिडकी तुम्ही बुजवलीत, आबा."

"देवासाठी बुजवली."

"देवाने मागितली होती का?"

असं कुणी आबांना बोललं नव्हतं. वेल्टन त्यांच्या हाताचं चुंबन न घेताच निघाला, आणि दार असं आपटलं की खाली लिहीत बसलेल्यांच्या लेखण्या थांबल्या. त्याला हाकललं मात्र नाही. का, ते आबांनाच ठाऊक.

वर्षं गेली. आबांची ती बढाई त्यांच्याच अंगलट आली. बिशपपर्यंत बोभाटा गेला. पाहणीची कामं काढून घेतली, पंगतीला मोठी माणसं येईनाशी झाली, मठातले साधू सुद्धा त्यांच्या खोलीवरून जाताना पावलं उचलून जायचे. ज्याने सगळ्या मुलखाला शिस्त लावली त्याच्याशी कुणी धड बोलेना. वेल्टन आपला भेंडोळी वाहत होता. दाढी पांढरी झाली. आबांसमोर आला की नमस्कार करायचा, त्यापुढे एक शब्द नाही.

मग एका वसंतात आबांनी अंथरूण धरलं आणि वेल्टनला बोलावलं. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन सरळ पलंगावर पडलं होतं. आबा अगदी वाळून गेले होते.

"तीन शब्द होते ना रे?"

वेल्टनने मान हलवली.

"मला आता तिथे कुणी जाऊ देत नाही. जाऊ देत होते तेव्हा मी बोललो नाही. गर्व, दुसरं काय! विद्या राजांना दाखवत बसलो." आबांना धाप लागली. "माझ्या भेंडोळ्यावरची प्रार्थना मी स्वतः लिहून ठेवलीय. तूच नेशील. सगळे मठ ती गातील, आणि कळेल एकीलाच. चालेल?"

वेल्टन खाली बसला आणि आबांचा हात धरून रडला. मागे न घेतलेलं चुंबन त्याने त्या दिवशी घेतलं. आबा म्हणाले, "पुरे, पुरे. बूट नवे घे आता. लांब जायचंय."

चारच दिवसांत आबा गेले. मूठमाती देऊन झाली आणि नव्या मठाधिपतीने पहिलं काम काय केलं, तर आबांच्या त्या सगळ्या वह्या अंगणात आणून पेटवल्या. याद्या, नावं, सगळं. "मठात भुताटकी नको," म्हणाला. वेल्टन तिथेच बूट बांधत होता. धूर डोळ्यांत गेला म्हणून तोंड फिरवलं, इतकंच. गळ्यात जे हवं ते होतं. बाकी जळेना का!

त्या वर्षी आपल्या मुलखात एक मोठी गंमत झाली, आणि ती एकट्या वेल्टनला माहीत होती. दर मठात जाडजूड साधू हात जोडून, डोळे मिटून, गळे काढून आबांची प्रार्थना गायचे, आणि वेल्टन बाहेर कालवण खात ऐकायचा. मी आलो होतो, मी आलो होतो, असं सगळं मोझेल खोरं त्याच्या लेकीला सांगत होतं. एका मठात त्याला इतकं हसू आलं की घास ठसक्यात गेला, आणि दारवान म्हणाला, "मेल्याचा काही मान ठेव की रे!"

रोझेनबाख आलं तेव्हा हसू पळालं होतं. दाढी दोनदा विंचरली. भेंडोळं कपाटात ठेवलं.

"कुणाचं?" मेख्टिल्डने विचारलं. तीही आता म्हातारी झाली होती.

"आबांचं."

कपाट फिरलं. वेल्टनने भिंतीला कान लावला. कुणीतरी आधी प्रार्थना वाचून दाखवली असेल. मग गाणं सुरू झालं. सगळे आवाज एकात एक मिसळलेले, नेहमीसारखे. एक ओळ गेली, दुसरी गेली. वेल्टन ओठ चावून ऐकत होता. आणि मध्येच एक आवाज थांबला.

बाकीच्या गातच होत्या. पण त्या गाण्यात एक जागा रिकामी झाली, आणि ती रिकामी झाल्यावरच वेल्टनला समजलं की इतकी वर्षं तिथे काय होतं. मधला, जरा जाडसर, ऑटिलियासारखा. तो आवाज त्याने एकदाही तिचा म्हणून धरला नव्हता. वेल्टन विटांना कपाळ लावून उभा राहिला आणि "इर्मेल, इर्मेल" म्हणत राहिला, हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं. आमेनच्या जरा आधी तो आवाज परत आला. फुटका आला, पण आला.

कपाट फिरलं. भेंडोळं, पाव. मेख्टिल्ड म्हणाली, "लेखनवालीला बरं वाटत नाहीये. तरी बसून लिहिलंन. आज जरा जास्तच लिहिलंन."

वेल्टन पुढच्या मठात जवळजवळ धावतच गेला. तिथे बंधू लाम्पेर्ट म्हणून एक गलेलठ्ठ, गमत्या साधू होता, पुस्तकं सांभाळायचा. वेल्टनने त्याच्यापुढे भेंडोळं उलगडलं. "रोझेनबाखचं वाच."

"एक ओळच असते रे त्यांची." मग लाम्पेर्टने भुवया वर केल्या. "बाप रे! ही तर अख्खी प्रार्थना आहे. तुमच्या आबांवर भारी माया दिसते." आणि त्याने लॅटिनमध्ये ती वाचली.

"यात काय लिहिलंय?"

"देवाची स्तुती. चांगली आहे, पण जरा विचित्र शब्द निवडलेत बाईने."

तेव्हा वेल्टनच्या डोक्यात उजेड पडला. हे उत्तर होतं. त्याच्या लेकीने त्याला उत्तर दिलं होतं. आणि ते उघडायची यादी आल्टेनश्टाइनच्या अंगणात, त्याच्या डोळ्यांदेखत, तो बूट बांधत असताना राख झाली होती. निरोप धाडायचा एवढाच त्याचा ध्यास होता. उलटा काही येईल, ही आशाच त्याने कधी धरली नव्हती, म्हणून वह्या जळताना त्याला धग लागली नव्हती.

"परत वाच," तो म्हणाला.

लाम्पेर्टने वाचलं. "परत." पुन्हा वाचलं. "आता काय लग्न करायचंय का तिच्याशी?" लाम्पेर्ट म्हणाला. पण वेल्टनचा चेहरा बघून त्याने थट्टा आवरती घेतली. वेल्टन त्या मठात राहिला. दिवसभर लाकडं फोडायचा आणि त्याबद्दल लाम्पेर्टकडून प्रार्थना म्हणून घ्यायचा, एकेक शब्द, जिभेला वळण पडेपर्यंत. एकाही शब्दाचा अर्थ कळत नव्हता. पण पाठ झाली. पुढे रस्ता चालताना तो तीच म्हणायचा, चढ चढताना, नदी उतरताना. लोक म्हणायला लागले, मेल्यांचा जावई म्हातारपणी देवभोळा झाला. झालं ते बरं झालं. तो देवाशी बोलत नव्हता, पण लोकांना कशाला सांगा!

पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचं भेंडोळं घेऊन तो रोझेनबाखला गेला. गाणं झालं. कपाट फिरायच्या आधी वेल्टनने त्याच्या फटीला तोंड लावलं आणि इर्मेलची प्रार्थना म्हणायला लागला. तिला कळावं, पोचलं म्हणून. मेख्टिल्ड खेकसली, "ए, हे काय?"

"प्रार्थना म्हणतोय, माई. प्रार्थनेला बंदी आहे का?"

प्रार्थनेला बंदी नव्हती. बोलायला होती. वेल्टन म्हणत गेला, आणि अर्ध्यावर अडला. वर्षभर घोकलेलं, आणि नेमकं तिथे दाराशी डोकं रिकामं! मागचे शब्द पुन्हा म्हटले, पुन्हा तिथेच अडला. तोच कपाटाच्या आतून, अगदी फटीपाशी, आवाज आला.

"लूमेन."

मधला, जरा जाडसर आवाज. एक शब्द, तोच अडलेला. लेखनवाली भेंडोळं परत द्यायला स्वतः आली होती.

"लूमेन," वेल्टन म्हणाला. पुढचं कसं म्हटलं त्याचं त्याला कळलं नाही. शेवटचं आमेन दोघांनी बरोबर म्हटलं. मग कपाट फिरलं आणि पलीकडे चपलांचा आवाज दूर गेला. मेख्टिल्डला काही ऐकू आलं नव्हतं. त्या वर्षापासून मेख्टिल्डला कमीच ऐकू यायला लागलं, निदान वेल्टन आला की.

त्याच्या पुढच्या वर्षी वेल्टन मुद्दाम अडला. प्रार्थना त्याला झोपेत सुद्धा येत होती, पण तो दुसऱ्याच शब्दापाशी थांबला, जरा खोकला, डोकं खाजवलं. आतून शब्द आला. त्याच्या पुढच्या वर्षी दोन ठिकाणी अडला. मग लबाडी वाढतच गेली. एका वर्षी तो पहिल्याच शब्दाला अडला. आत जरा वेळ काहीच नाही, आणि मग नाकातून हसल्यासारखा एक श्वास ऐकू आला. पोरीने चोरी पकडली होती! मग तिने पहिला शब्द सांगितला, दुसराही सांगितला, आणि अख्खी प्रार्थना एकेक शब्द करून बापाकडून म्हणवून घेतली. त्या दिवशी तो पुढे चालला तेव्हा वाटेतल्या कुत्र्यांना त्याने रोझेनबाखचा पाव तोडून टाकला. कुत्र्यांना! वेल्टनने!

काय लिहिलं होतं तिने त्या प्रार्थनेत? रागावले होते, असं? मला ठाऊक होतं, असं? कधीकधी जीव इतका कासावीस व्हायचा की वाटेल त्याच्या पाया पडून विचारावं. पण विचारायला जगात एकच माणूस उरलं होतं, आणि तिच्याशी फक्त तेच शब्द बोलता येत होते. म्हणून तो वर्षभर चालायचा आणि एका दिवसापुरता अडायचा.

शेवटच्या वर्षी तो गेला तेव्हा भेंडोळं कुणा तरुण साधूचं होतं. पाय सुजले होते, टेकडी चढताना दोनदा बसला. तोंड धुतलं, दाढी विंचरली. आत गाणं झालं. त्याला ते पातळ वाटलं, पण कानही म्हातारे झाले होते. फटीशी तोंड नेऊन त्याने सुरुवात केली, आणि लूमेनपाशी येऊन थांबला. पहिल्या वर्षीच्या जागी.

आत कुणी बोललं नाही.

तो खोकला. मागचे शब्द पुन्हा म्हटले, पुन्हा थांबला. हसतेय वाटतं, म्हणून वाट बघितली. पुन्हा एकदा म्हटलं. "अगं, अडलोय मी," तो म्हणाला, सरळ सरळ बोलला, नियम मोडून.

पलीकडे मेख्टिल्ड रडत होती. "लूमेन, बाबा," ती म्हणाली. "लूमेन. म्हण पुढे."

वेल्टनने पुढे म्हटलं. अर्धं राहून चालणार नव्हतं. आमेनपर्यंत म्हटलं, एकट्याने. मग कपाट फिरलं. त्यात त्याचं भेंडोळं होतं, पाव होता, आणि दुसरं एक भेंडोळं होतं, नवं, कोरं, नुसतं वर लिहिलेलं. मेख्टिल्ड म्हणाली, "हे आमचं. उपासाच्या दिवसांत गेली ती. आमच्या भेंडोळेवाल्याला मी मुद्दाम दिलं नाही. म्हटलं, तू येशील."

त्याने ते दोन्ही हातांनी उचललं. काही वजन नव्हतं. त्या तरुण साधूचं भेंडोळं पाठीवर टाकलं आणि हे गळ्यात अडकवलं, छातीशी धरलं, आणि टेकडी उतरला. खांद्यावर बसवून ज्या वाटेने आणली त्याच वाटेने.

पुढच्या मठाच्या दाराशी त्याने घंटा वाजवली. आतून बंधू लाम्पेर्टचाच आवाज आला, "कुणाचं?"

असं विचारलं की मठाचं नाव आणि मठातलं नाव सांगायचं, हा रिवाज. जन्मभर वेल्टनने तो पाळला होता.

"माझ्या इर्मेलचं," तो म्हणाला.